माती ओली असूनही रोप मान टाकते, तेव्हा तपासणी कोठून सुरू करावी

लक्षणे

ही तक्रार वारंवार येते आणि तिचे वर्णन बहुधा सारखेच असते. पाणी नियमित दिले जाते, मातीला हात लावला तर ती ओली लागते, तरीही शेंडे लोंबतात, पाने मऊ पडतात आणि त्यांची तकाकी जाते. आणखी पाणी घातले तर रोप सावरत नाही, किंवा जेमतेम सावरून पुन्हा मलूल होते. पुढे खालची पाने पिवळी पडतात, कळ्या गळतात आणि नवी पालवी लहान येते.

वरवर हे एकच लक्षण वाटते, पण त्यात निरनिराळे दोष मिसळलेले असतात आणि ते आधीच वेगळे काढले तर पुढचे बरेच श्रम वाचतात. दुपारी मलूल होऊन सूर्य उतरल्यावर सावरणारे रोप आणि पहाटेसुद्धा मलूल असलेले रोप यांचा दोष एक नसतो. एकाच फांदीची किंवा एकाच बाजूची पाने सुकणे हे आणखी वेगळे, आणि पाने हिरवीगार असतानाच दोन-चार दिवसांत सगळे रोप कोसळणे हे त्याहून वेगळे. कधी देठ खाली वळलेले असतात पण पानाचे पाते बोटांना ताठ लागते. तेही मान टाकल्यासारखेच दिसते, मात्र त्याचे कारण पाण्याची कमतरता हे नसते.

मान टाकण्यामागचा हिशेब

पानाचा ताठपणा त्याच्या पेशींत कोंडलेल्या पाण्याच्या दाबावर अवलंबून असतो आणि हा दाब उतरला की पान लोंबते. मुळांच्या टोकांच्या किंचित मागे असलेले मूलरोम, म्हणजे केसासारखे बारीक धागे, मातीतले पाणी परासरणाने आत घेतात, ते खोडातल्या जलवाहिन्यांमधून वर चढते आणि पानांवरच्या पर्णरंध्रांतून वाफेच्या रूपाने बाहेर पडते. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी अशा रीतीने बाष्पोच्छ्वासात जाते. स्वतःच्या वाढीसाठी रोप त्यातला अगदी थोडा भाग ठेवते. मुळांकडून खालून थोडा दाब मिळत असला तरी मुख्य ओढ वरून, म्हणजे पानांतून असते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे वरून जेवढी वाफ निघते तेवढा पाण्याचा सलग स्तंभ, विहिरीतून दोर ओढावा तसा, खालून वर सरकतो. हेन्री डिक्सन आणि जॉन जॉली या आयरिश शास्त्रज्ञांनी १८९४ साली मांडलेले हे स्पष्टीकरण दोष शोधताना फार उपयोगी पडते, कारण त्यातून शोधाच्या चारच जागा उरतात: पाने गरजेपेक्षा जास्त गमावत आहेत, खोडात वाट अडली आहे, मुळे घेऊ शकत नाहीत, किंवा मातीतले पाणी मुळांपर्यंत पोहोचत नाही.

ओल्या मातीत मलूल झालेल्या रोपाला आणखी पाणी देणे हा या चारांपैकी फक्त शेवटच्या दोषावरचा, आणि तोही कधीकधीच लागू पडणारा, उपाय आहे. म्हणून पुढच्या तपासण्या संपेपर्यंत पाणी थांबवावे. माती खरोखर ओली असेल तर एक दिवस पाणी न मिळाल्याने रोपाचे काही बिघडत नाही.

पहाटे पाहणे

सर्वांत सोपी आणि बिनखर्चाची तपासणी म्हणजे सूर्य उगवण्याआधी रोपाकडे जाऊन पाहणे. बहुतेक वनस्पतींची पर्णरंध्रे रात्री मिटलेली असतात, त्यामुळे पाण्याचा खर्च जवळजवळ थांबतो आणि मुळांना तूट भरून काढायला पूर्ण रात्र मिळते. पहाटे पाने ताठ असतील तर मुळे आणि खोड काम करत आहेत असे धरून चालावे. दुपारचे मलूल होणे ही केवळ तात्पुरती तूट असते. मोठ्या आणि पातळ पानांच्या रोपांत, विशेषतः भोपळावर्गीय वेलींत, कडक उन्हात असे होतेच आणि त्यावर फार तर दुपारच्या सावलीची सोय करावी लागते. रोप उष्ण हवेच्या झोतात, तापलेल्या भिंतीजवळ किंवा पंख्यासमोर असेल तर जागा बदलावी. वाऱ्याने पानाभोवतीचा दमट हवेचा थर उडून जातो आणि बाष्पोच्छ्वास वाढतो, ही गोष्ट अनेकदा लक्षातच घेतली जात नाही.

याच वेळी पानांच्या कडा जवळून पाहाव्यात. टोमॅटो, स्ट्रॉबेरी किंवा गवताच्या पात्यावर पहाटे कडेच्या प्रत्येक दात्यावर किंवा नेमक्या टोकावर एकेक टपोरा थेंब उभा दिसतो. दव सगळ्या पृष्ठभागावर बारीक कणांनी पसरते. हे थेंब मात्र ठरावीक जागीच असतात, कारण ते रात्री मुळांच्या दाबाने आतून बाहेर ढकललेले असतात. असे थेंब दिसले तर मुळे जिवंत आणि कार्यक्षम आहेत याचा तो चांगला पुरावा आहे. ते न दिसणे हा मात्र कशाचाच पुरावा नाही, कारण हवा कोरडी असेल तर निरोगी रोपातही ते येत नाहीत.

पहाटेही रोप मलूल असेल तर पुढे जावे.

माती खरोखर ओली आहे का

वरची माती हाताला ओली लागणे ही फसवी खूण आहे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावे, आणि कुंडी खोल असेल तर एखादी कोरडी काडी तळापर्यंत खुपसून थोड्या वेळाने बाहेर काढून पाहावी. काडी कोठपर्यंत ओली झाली आहे यावरून आतली स्थिती समजते. त्याहून भरवशाची रीत म्हणजे कुंडी उचलून पाहणे. भरपूर पाणी देऊन निथळल्यावरचे वजन आणि कोरडी असतानाचे वजन एकदा हाताला ओळखीचे झाले की नंतर बोट घालायचीही गरज उरत नाही. कुंडीचे वजन करून रोपाचा पाण्याचा खर्च मोजणे ही जुनीच युक्ती आहे: इंग्रज शास्त्रज्ञ स्टीफन हेल्स यांनी कुंडीतील सूर्यफुलाच्या रोपाची माती झाकून घेतली आणि ते दिवसा व रात्री तोलून पाहिले. १७२७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांत दिवसाच्या मानाने रात्रीची घट फारच कमी आढळली होती.

या तपासणीत पुष्कळदा असे आढळते की वरचा थर ओला आहे, पण मुळांची हुंडी, म्हणजे मुळे आणि त्यांना बिलगलेल्या मातीचा गोळा, आतून कोरडी ठणठणीत आहे. सेंद्रिय द्रव्य भरपूर असलेले मिश्रण एकदा पूर्ण वाळले की ते आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी झिडकारू लागते. त्यानंतर वरून घातलेले पाणी कडेच्या फटीतून सरळ तळाच्या भोकाबाहेर पडते आणि पाणी देणाऱ्याला वाटते की कुंडी भिजली. पाणी घातल्याबरोबर काही क्षणांत खालून धार लागत असेल तर हाच दोष समजावा. उपाय सोपा आहे: पाण्याने भरलेल्या बादलीत किंवा टबात कुंडी ठेवावी, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, राहू द्यावी आणि मग पूर्ण निथळून जागेवर ठेवावी. पुढच्या काही वेळा पाणी थोडे थोडे, थांबून थांबून द्यावे. मुळे गोल गोल वाढून कुंडी गच्च भरली असेल तर माती इतकी कमी उरते की ती दिवसभराचे पाणी धरूच शकत नाही. तेथे मोठ्या कुंडीला पर्याय नाही.

निचरा

माती आतपर्यंत ओली असेल, कुंडी जड असेल आणि तरीही रोप मलूल असेल, तर माझा संशय सर्वप्रथम निचऱ्यावर जातो, आणि अशा तक्रारींत तो बहुतेक वेळा खरा ठरतो.

मुळांना पाणी घेण्यासाठी श्वसन करावे लागते आणि श्वसनासाठी मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असावी लागते. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूचा पुरवठा जवळजवळ तुटतो, कारण हवेच्या तुलनेत पाण्यात प्राणवायू सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. गुदमरलेल्या मुळांच्या पेशींमधले पाण्याचे मार्ग मिटू लागतात आणि सभोवती पाणी असूनही ते आत येणे मंदावते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची स्थिती, ती कुंडीतही तितकीच आवश्यक असते, आणि पाणी देण्याचे वेळापत्रक ठरवताना आठवड्याच्या वाराऐवजी वाफशाकडे पाहावे असे माझे स्पष्ट मत आहे. देठ खाली वळलेले पण पाते ताठ, हे वर सांगितलेले लक्षण पाणी साचल्यावर टोमॅटोसारख्या रोपांत विशेषकरून दिसते. त्यामागे रोपात तयार होणारा इथिलीन वायू असतो आणि येथे पाणी वाढवणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

आधी ताटलीत साचलेले पाणी ओतून द्यावे. मग कुंडी आडवी करून तळाची भोके मुळांनी, खापरीने किंवा मातीच्या गाळाने बुजली आहेत का ते पाहावे आणि काडीने मोकळी करावीत. शोभेच्या बाहेरच्या कुंडीला भोकच नसते आणि तिच्या तळाशी पाणी साचून राहते, हेही तपासावे. तळाशी खडीचा थर दिल्याने निचरा सुधारतो ही समजूत फार पसरलेली आहे, पण बारीक मातीतले पाणी खालच्या भरड थरात सहजी उतरत नाही आणि पाण्याने भरलेला पट्टा उलट वर, मुळांच्या अधिक जवळ येतो. निचरा हवा असेल तर सगळे मिश्रणच भुसभुशीत करावे.

क्षार

मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरट पापुद्रा आणि पानांची टोके व कडा करपलेल्या, असे चित्र असेल तर मातीत क्षार साठले आहेत. परासरणात पाणी कमी क्षारांच्या बाजूकडून जास्त क्षारांच्या बाजूकडे जाते. मातीतल्या पाण्यात खत किंवा मीठ वाढले की मुळांना ते ओढून घेणे कठीण होते आणि माती ओली असूनही रोपाच्या लेखी ती कोरडीच ठरते. खत दिल्यानंतर एक-दोन दिवसांत रोपाने मान टाकली असेल तर वेगळा शोध घेण्याची गरज नाही. पापुद्रा खरवडून टाकावा आणि कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट गोडे पाणी हळूहळू घालून खालून वाहून जाऊ द्यावे. ते ताटलीत परत साचू देऊ नये. मात्र निचरा दुरुस्त होईपर्यंत ही धुलाई करू नये. मलूल रोपाला टॉनिक म्हणून खत देण्याची सवय सर्वथा सोडावी.

खोड

खोड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बोटांनी चाचपावे. मातीलगत ते मऊ, काळपट किंवा पाणावलेले लागते का, बारीक छिद्र आणि त्याखाली भुशासारखा चुरा दिसतो का, आधाराला बांधलेली सुतळी किंवा तार सालीत रुतली आहे का, हे पाहावे. एकच फांदी सुकत असेल तर दोष त्या फांदीत किंवा तिला पाणी देणाऱ्या बाजूच्या वाहिन्यांत असतो, आणि ती निरोगी लाकूड दिसेपर्यंत छाटणे हा उपाय पुरतो.

रुतलेल्या तारेबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. पाणी नेणाऱ्या जलवाहिन्या लाकडात आत असतात, तर पानांत तयार झालेले अन्न खाली नेणाऱ्या रसवाहिन्या सालीलगत असतात. त्यामुळे साल गोलाकार कापली गेली तरी पाने लगेच सुकत नाहीत. मुळे उपाशी राहू लागतात आणि काही आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, पाण्याचा पुरवठा आटतो. तोवर तार कोणाच्या लक्षात राहत नाही आणि दोष पाण्यावर ढकलला जातो. तार रुतलेल्या जागेच्या वर खोड फुगलेले असेल तर निदान पक्के समजावे.

मुळे बाहेर काढून पाहणे

ही तपासणी मुद्दाम उशिरा ठेवली आहे, कारण तिच्यात रोपाला इजा होते. मूलरोम हे एकेका पेशीचे नाजूक धागे असतात आणि माती झटकताना ते मोठ्या प्रमाणात तुटतात. नुकतेच स्थलांतर केलेले रोप ओल्या मातीत मलूल होते तेही याचमुळे. असे रोप हलवल्यापासून आठवडाभरातले असेल तर ते पुन्हा उपटू नये, सावलीत ठेवून वाट पाहावी.

इतर रोपांच्या बाबतीत माती थोडी सुकल्यावर कुंडी आडवी धरून हुंडी अलगद सरकवून काढावी. निरोगी मुळे बहुधा पांढरी किंवा फिकट पिवळसर आणि टणक असतात, जरी काही वनस्पतींची मुळे मुळातच गडद रंगाची असतात. संशय असलेले एक बारीक मूळ अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून हलकेच ओढावे: मूळ कुजलेले असेल तर त्याचे बाहेरचे तपकिरी आवरण मोजा निघावा तसे सरकून बोटांत येते आणि मागे केसासारखा आतला धागा उरतो. सोबत कुजकट वास येत असेल तर मूळकुज नक्की.

निम्म्याहून अधिक मुळे टणक असतील तर रोप वाचण्याची शक्यता चांगली असते. कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने कापावा, जुनी चिकट माती टाकून द्यावी, उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल एवढ्याच आकाराच्या कुंडीत नवे भुसभुशीत मिश्रण घालून रोप लावावे आणि वरची काही पानेही कमी करावीत, म्हणजे उरलेल्या मुळांवर पडणारी मागणी घटेल. मोठ्या कुंडीचा मोह टाळावा. मुळे पोहोचत नाहीत तेथली माती ओलीच राहते. पुढचे काही दिवस रोप उजेडाच्या सावलीत ठेवावे. पानांवर पाणी फवारल्याचा परिणाम ते वाळेपर्यंतच टिकतो, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नये.

मुळांवर गाठी दिसल्या तर त्या नखाने काढून पाहाव्यात. शेंगवर्गीय रोपांच्या मुळांवरच्या उपयुक्त गाठी सहज सुटून येतात. सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या, गाठी म्हणजे मूळच फुगलेले असते आणि त्या सुटत नाहीत. सूत्रकृमी आढळल्यास कुंडीतली माती दुसरीकडे वापरू नये.

खोडाचा तुकडा आणि पेलाभर पाणी

मुळे ठीक, निचरा ठीक, आणि टोमॅटो, वांगे, मिरची किंवा बटाटा यांचे झाड हिरवेपणीच झपाट्याने कोसळत असेल, तर मर रोगाचा विचार करावा. यासाठी एक मेलेले किंवा मरणाला टेकलेले झाड खर्ची घालावे लागते. बुंध्याजवळचा बोटभर लांबीचा तुकडा धारदार चाकूने कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ, स्थिर पाण्यात असा धरावा की त्याचे खालचे टोक तेवढे बुडेल. जिवाणूजन्य मर असेल तर काही मिनिटांत कापलेल्या जागेतून दुधी रंगाचे तंतू धुरासारखे सरळ खाली उतरताना दिसतात. हे जिवाणू जलवाहिन्या तुंबवतात, आणि मुळाशी कितीही पाणी असले तरी ते वर जात नाही. पाणी स्वच्छ राहिले, पण खोड उभे चिरल्यावर सालीखाली तपकिरी रेघा दिसल्या आणि पाने आधी एका बाजूने पिवळी पडली असतील, तर बुरशीजन्य मर संभवतो. चाकू आणि कात्री नंतर निर्जंतुक करून घ्यावी, कारण हे रोग अवजारांवरूनही पसरतात.

कोठे थांबावे

पेल्यातले पाणी दुधाळ झाले की घरगुती उपाय तेथेच संपतात. जिवाणूजन्य मर झालेले झाड फवारणीने बरे होत नाही आणि जिवाणू मातीत दीर्घकाळ टिकतात. झाड मुळासकट काढून नष्ट करावे, कंपोस्टात टाकू नये, आणि त्या जागी पुढे काय लावावे हे वनस्पतिरोगतज्ज्ञाला विचारूनच ठरवावे. एकामागून एक अनेक झाडे त्याच क्रमाने जात असतील, किंवा बुरशीनाशक घ्यावे की नाही असा प्रश्न पडला असेल, तेव्हाही तज्ज्ञालाच बोलवावे. निदान न करता औषधे मिसळून फवारण्याने रोग लपतो, थांबत नाही. धुलाई करूनही क्षारांचा पापुद्रा पुन्हा पुन्हा येत असेल तर माती आणि पाणी दोन्ही प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. मोठ्या वृक्षाचा शेंडा सुकत असेल, बुंध्याशी आळंबी उगवली असेल किंवा झाड कलू लागले असेल, तर त्यावर चढू नये, मुळाशी खोदू नये आणि वृक्षतज्ज्ञ येईपर्यंत त्याखाली कोणाला थांबू देऊ नये.

तज्ज्ञाकडे नमुना नेताना पूर्ण वाळलेले झाड बहुधा निरुपयोगी ठरते, कारण तोवर मूळ रोगावर दुसऱ्या कुजव्या बुरशी वाढलेल्या असतात. लक्षणे दिसू लागलेले पण अजून जिवंत असलेले झाड मुळांभोवतीच्या मातीसह काढावे, मुळे धुऊ नयेत, मातीचा भाग पिशवीत बांधून पाने कागदात गुंडाळावीत, उन्हात ठेवू नये आणि शक्य तितक्या लवकर पोहोचवावे. सोबत शेवटचे पाणी, शेवटचे खत आणि शेवटची फवारणी केव्हा दिली याची नोंद द्यावी.